जुनी गाडी, नवी धाव – भाग ७ : इंजिन तेच ठेवा

मागच्या भागात गंज आणि पत्र्याचं काम पाहिलं. आता बॉनेट उघडू. उदाहरण आपल्याच गावातलं घेऊ.

जालना रोडवर शेंद्रा एमआयडीसीत २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग बाहेरून आणून तिथं ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. २००४ मध्ये तिचीच ‘आरएस’ आली. अंगाने घरगुती, पण आत १७८१ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्तीचं. टर्बो म्हटलं की डिझेलच डोळ्यांपुढे येण्याचे ते दिवस. एका सिलिंडरला पाच वाल्व्ह, म्हणजे चार सिलिंडरांचे वीस. वेगाची आवड असलेल्यांना ही गाडी आजही हवी असते.

त्या गाड्या आता विशीच्या घरात आहेत. धूर येतो, ओढ कमी होते आणि गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो : ‘इंजिनच बदलून टाका.’ कुणी ॲव्हरेजसाठी १.९ लिटरचं डिझेल सुचवतो, कुणी युरोपातल्या आरएसचं १८० अश्वशक्तीचं इंजिन. दोन्ही सल्ले मला चुकीचे वाटतात. भारतात विकली गेलेली आरएस १५० अश्वशक्तीचीच होती. जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, तर गाडी वेगवान होईल, पण शेंद्र्यातून निघालेली ती गाडी राहणार नाही.

आधी कॉम्प्रेशन तपासा. चारही सिलिंडर सारखे आणि चांगले असतील, तर दोष बहुतेक बाहेर आहे : तडकलेला व्हॅक्यूम पाइप, थकलेली इग्निशन कॉइल, किंवा टर्बोच्या सीलमधून झिरपणारं ऑइल. एवढ्यासाठी पूर्ण इंजिन फेकून द्यायचं?

कॉम्प्रेशन खरोखरच पडलेलं असेल, तर इंजिन खोलावं लागेल. इथं एक गैरसमज दूर करतो. इंजिन तेच ठेवायचं म्हणजे आतला प्रत्येक भाग तोच ठेवायचा, असं नाही. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट हे झिजणारे, बदलायचेच भाग. जपायचा तो ब्लॉक, कारण इंजिन नंबर त्याच्यावर कोरलेला असतो. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे. मूळ बोअर ८१ मिलिमीटर. झीज थोडी असेल तर होनिंग पुरतं. जास्त असेल तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात. क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग बसवता येतात. ऑइल संप काढून पिकअपची जाळी मात्र नक्की साफ करा. ती गाळाने तुंबली, तर नव्या बेअरिंगलाही ऑइल मिळत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. वाळूज आणि चिकलठाण्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून काम करणारे हात आहेत. हे काम आपल्या शहराला परकं नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. इंजिन नंबर आरसीवर असतो; आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदललं, तर कागद आणि गाडी जुळत नाहीत. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. २००४ ची आरएस त्या वयाला २०५४ मध्ये पोचेल. तिचं इंजिन आज भंगारात गेलं, तर तेव्हा ते कुठून आणणार?

नाइलाजाने दुसरं इंजिन बसवावंच लागलं, तर रीतसर मंजुरी घ्या आणि मूळ ब्लॉक विकू नका. ऑइल लावून, तोंडं बंद करून, कोरड्या जागी लाकडी फळीवर ठेवा आणि जुन्या आरसीची प्रत त्याच्यासोबत जपून ठेवा.

पुढच्या आठवड्यात टर्बो.