अणूचे चित्र का बदलत गेले?



या व्याख्यानाची तयारी चालू असताना जिनिंगमधल्या एका कामगाराने मला अडवून विचारले, "भाऊ, हे शास्त्रवाले घडीघडी आपलं बोलनं बदलवते. मंग आमी बुवाचं आयकलं त तुमी कायले रागावता? थो त आपलं बोलनं कधी बदलवत नाई!" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजचे माझे बोलणे म्हणजे त्यालाच दिलेले उत्तर समजा.

युनियनच्या कामात आम्हांला पगाराचे हिशेब तपासावे लागतात. तपासणीत पावतीनिशी असलेला आकडा टिकतो, अंदाजाने भरलेला खोडावा लागतो. अणूचा इतिहास याच रीतीने वाचून पाहू.

जॉन डाल्टन हा इंग्लंडातील एका विणकराचा मुलगा, पेशाने शिक्षक. 1803 च्या सुमारास त्याने अणूची कल्पना वजनकाट्यावर आणली. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने दोन निरनिराळे वायू होतात. 3 भार कार्बन घेतला, तर एका वायूत 4 भार ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात 8 भार. नेमका दुप्पटच का? कारण पदार्थ सुट्या कणांचे बनले आहेत. एका ठिकाणी एक कण जोडला जातो, दुसऱ्या ठिकाणी दोन. या कणाचे, म्हणजे अणूचे, तुकडे होत नाहीत असेही डाल्टनने धरले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुप्पट हे काट्यावर आलेले होते. तुकडे होत नाहीत, हे नुसते धरलेले होते.

1897 साली केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत विजेचे किरण तपासले. ते चुंबकाने वळतात, म्हणजे ते विद्युतभारित कणांचे आहेत. नळीतील धातू बदलला, वायू बदलला, तरी कण तेच. हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे 1,800 व्या हिश्श्याएवढा त्यांचा भार. हेच इलेक्ट्रॉन. अणूच्या पोटात त्याहून लहान वस्तू निघाली. "तुकडे होत नाहीत" हे खोडावे लागले. डाल्टनचे दुप्पट मात्र जागच्या जागी राहिले.

पण इलेक्ट्रॉन ऋण विजेचे आणि सबंध अणू तर विजेच्या दृष्टीने उदासीन. तेव्हा थॉमसननी 1904 मध्ये चित्र मांडले ते आपल्या संक्रांतीच्या लाडवासारखे: धन वीज गुळासारखी सर्वत्र पसरलेली आणि तिच्यात इलेक्ट्रॉनांचे तीळ. तीळ मोजलेले होते, गूळ अंदाजाचा होता.

त्यांचेच शिष्य अर्नेस्ट रदरफर्ड. 1909 साली मँचेस्टरला त्यांचे सहकारी गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन यांनी सोन्यासारख्या धातूंच्या अतिपातळ वर्खांवर अल्फा कणांचा मारा केला आणि अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावरच्या चमका डोळ्यांनी मोजल्या. बहुतेक कण आरपार गेले. पण हजारोंत एखादा चक्क मागे फिरला. पसरलेल्या गुळात एवढे बळ कोठून येणार? 1911 साली रदरफर्ड यांनी निष्कर्ष काढला, की धन वीज आणि जवळजवळ सगळा भार मधल्या एका इवल्याशा केंद्रकात एकवटलेला आहे. मैदानाच्या मधोमध ज्वारीचा दाणा ठेवला आणि त्याला सोन्याच्या अणूचे केंद्रक मानले, तर त्या अणूची कड सुमारे चाळीस मीटरांवर येईल. मधे सगळी मोकळी जागा! गूळ गेला, तीळ राहिले.

आता नवी अडचण आली. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश टाकत टाकत शक्ती गमावील आणि क्षणार्धात केंद्रकात कोसळेल, असे त्या वेळचे नियम सांगत. पण आपण तर धडधाकट उभे आहोत! रदरफर्डकडे काम केलेल्या डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी 1913 मध्ये म्हटले, की इलेक्ट्रॉनला शक्तीच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहता येते. एका पायरीवरून खाली उतरला, की ठरावीक रंगाचा प्रकाश बाहेर पडतो. हायड्रोजनच्या प्रकाशातील रेषांशी हे गणित जुळले. हेलियमशी जुळेना. 1925-26 मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्या नव्या गणिताने इलेक्ट्रॉनची आखीव वाटच काढून टाकली. तो कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच सांगता येते. वाटा गेल्या, पायऱ्या राहिल्या.

1932 साली चॅडविक यांना केंद्रकातला वीजरहित कण सापडला, तो न्यूट्रॉन. वीज नसल्याने धन केंद्रक त्याला दूर लोटत नाही. त्या सुमारास मुंबईचा एक तरुण केंब्रिजला शिकत होता, होमी भाभा. त्यांच्याच नेतृत्वाखाली 4 ऑगस्ट 1956 रोजी मुंबईत ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे, बांधणी आपल्या माणसांची. हौदातील पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते. असा मंदावलेला न्यूट्रॉन युरेनियमच्या केंद्रकात शिरून ते फोडतो, त्यातून दोन-तीन नवे न्यूट्रॉन निघतात आणि साखळी चालू राहते. केंद्रक, न्यूट्रॉन, त्यांचे आकडे यांत खोट असती, तर ती भट्टी पेटलीच नसती. 2009 पर्यंत तिने काम केले. 2018 साली तेथेच तिची सुधारलेली आवृत्ती सुरू झाली.

तेव्हा त्या कामगार भावाला माझे उत्तर असे: शास्त्रज्ञांनी बोलणे बदलले खरे, पण मोजलेले सोडले नाही, जे न मोजता भरले होते, तेवढेच खोडले. बुवाला बदलावे लागत नाही, कारण त्याचे बोलणे कोणत्याच काट्यावर चढत नाही. आणि शिष्याने आपले चित्र पुसले, म्हणून थॉमसननी त्याला वाळीत टाकले नाही. पुढे 1919 मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत थॉमसन यांच्या जागी रदरफर्डच आले.

आमच्या चळवळीतही तरुण पोराने हिशेबातली चूक दाखवली, तर आम्हां जुन्या माणसांना राग येतो. मीही त्यांतलाच एक. यापुढे राग आला, तर आधी पावती मागेन, एवढे आपणांसमोर कबूल करतो आणि रजा घेतो.