ऑफिसचा ताण, श्वास आणि ५७ प्रश्नांचा कागद

मंडळी, सकाळी आठच्या सुमारास उरायासुहून तोझाई लाइन पकडणाऱ्यांना ताण म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. २०१९ साली किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात तिची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती. दादर-ठाणे केलेल्यांना त्याचे काही वाटणार नाही म्हणा! पण पुढे ऑफिसातले रात्री उशिरापर्यंत थांबणे, भाषेची अडचण आणि मनात सतत व्हिसाची धाकधूक, ही गर्दी वेगळी असते.

यावर उपाय म्हणून अनेक कंपन्या आता 'माइंडफुलनेस'चे वर्ग भरवतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, त्याचीच ही धाकटी भावंडे. मूळ मात्र आपल्या ओळखीचे आहे. पाली भाषेतील 'सति', म्हणजे जागरूकता, हा त्याचा पाया. इगतपुरीला १९७६ पासून चालणाऱ्या विपश्यना शिबिरांत शिकवतात तीही तीच. जपानी लिपीत यासाठी 'नेन' हे अक्षर आहे. त्याचा वरचा भाग म्हणजे 'आत्ता' आणि खालचा म्हणजे 'मन'. मुलांच्या कांजीच्या वहीत जरूर पाहा.

करायचे काय, तर येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचे. तो मुद्दाम लांबवायचा नाही. मन भरकटले की चिडचिड न करता परत आणायचे. उरायासु सुटल्यावर गाडी नदी ओलांडते, तिथपासून मिनामी-सुनामाचीच्या अलीकडे बोगद्यात शिरेपर्यंतचा वेळ सुरुवातीला पुरेसा आहे. (फोन खिशात ठेवून!) ज्यांना दहा दिवसांचे शिबिर करायचे असेल त्यांच्यासाठी विपश्यनेचे केंद्र आपल्या चिबा प्रांतातही आहे. मात्र तीव्र नैराश्य असेल किंवा झोप पूर्ण उडाली असेल, तर आधी डॉक्टर, शिबिर नंतर.

आता थोडे स्पष्ट बोलतो. श्वासाने मन शांत होते, कामाचे तास कमी होत नाहीत. ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासणारा विल्यम फ्लेमिंग यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. असे वर्ग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना फारसा फरक आढळला नाही. एका पाहणीने शेवटचा निकाल लागत नाही, पण कंपनीने वर्ग भरवला म्हणजे तिची जबाबदारी संपली, असे समजू नये.

ती जबाबदारी जपानी कायद्यात लिहिलेली आहे. डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कार्यालयाला वर्षातून एकदा 'सुतोरेसु चेक्कु' करावा लागतो. (लहान कार्यालयांनाही तो सक्तीचा करणारी दुरुस्ती मे २०२५ मध्ये झाली, ती तीन वर्षांच्या आत लागू व्हायची आहे.) हाकेनवर असलेल्यांसाठी ही जबाबदारी पाठवणाऱ्या कंपनीची. बहुतेक ठिकाणी ५७ प्रश्नांचा तो कागद असतो. पहिल्या वर्षी मी डोळे झाकून सगळीकडे 'उत्तम' अशी खूण केली होती. त्या महिन्यात रात्री तीनला जाग येत होती, पण वाटले, साहेबांनी वाचले तर करार वाढवणार नाहीत! बायकोने विचारले, "मग भरलात तरी कशाला?" उत्तर नव्हते.

खरी गोष्ट अशी की तुमच्या संमतीशिवाय तो निकाल कंपनीला देता येत नाही. निकालात 'ताण जास्त' असे आले, तर तुम्ही डॉक्टरांची भेट मागू शकता. ही मागणी केली की मात्र निकाल कंपनीला कळवण्यास संमती दिली असे धरतात, हे लक्षात ठेवावे. पण भेट मागितली म्हणून कामावरून काढणे किंवा दुसरे नुकसान करणे कायद्याने मना आहे, आणि डॉक्टरांचे मत ऐकून गरजेप्रमाणे कामाचे तास कमी करणे हे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून कागद खरा भरावा.

प्रकरण रजेपर्यंत गेलेच, तर पैशांचे काय? कंपनीचा आरोग्यविमा असणाऱ्यांना 'शोब्यो तेआतेकिन' हा भत्ता मिळतो. सलग तीन दिवस सोडून चौथ्या दिवसापासून, साधारण पगाराच्या दोनतृतीयांश, एकूण दीड वर्षापर्यंत. नगरपालिकेचा राष्ट्रीय विमा असणाऱ्यांना तो सहसा मिळत नाही. अर्जाचा एक भाग डॉक्टर भरतात, एक कंपनी, उरलेला आपण. तडकाफडकी राजीनामा देण्याआधी ही चौकशी जरूर करावी. नोकरी सोडली की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावे लागते आणि व्हिसाचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. आणि हो, रजेत पगार बंद असला तरी विमा आणि पेन्शनचा आपला हिस्सा, तसेच रहिवासी कर भरावाच लागतो. घरखर्चाचा हिशेब मांडताना तो आधी वजा करावा.