दोन प्रश्नांच्या पुढे

पहाटे ५

घर उठायच्या आत दीड तास मिळतो, तेवढाच अभ्यासाचा. चहा गॅसवर ठेवायचा आणि इग्नूचं पुस्तक उघडायचं. मी शिरूरला राहते. तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गटप्रवर्तक आहे, वीसेक आशाताईंचं काम माझ्याकडे असतं. बी.ए. होऊन बरीच वर्षं झाली, मुलं मोठी झाली, आणि मग एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, नाव घातलं. पुस्तकं घरी येतात, काही तास मोबाइलवर होतात, काही रविवार पुण्यात जातात. फील्डवर्क मात्र प्रत्यक्ष जाऊनच करावं लागतं. त्याच्या जर्नलला वर्षाला दहा श्रेयांक आहेत. इग्नूच्या हिशोबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे नुसत्या फील्डवर्कचेच ३०० तास. मला दवाखान्यात, मनाच्या आजारांच्या माणसांबरोबर काम करायचं आहे, म्हणून हे तास मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात.

सध्या केसवर्क, म्हणजे एकेका माणसाबरोबरचं काम, हा भाग चालू आहे. हेलन पर्लमन यांनी १९५७ साली मांडलेली चौकट वाचते आहे: माणूस, त्याची अडचण, मदतीला तो जिथे येतो ती जागा आणि मदतीची प्रक्रिया. या विषयाचं मूळ अमेरिकेत असलं तरी आपल्याकडे तो काल-परवा आलेला नाही. समाजकार्य शिकवणारी टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ला मुंबईत नागपाड्यात सुरू झाली. दवाखान्यातला देशातला पहिला समाजसेवक नेमला गेला तो १९४६ साली, जे. जे. रुग्णालयात. मुंबईला जे इतक्या लवकर मिळालं, ते शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत एवढ्या वर्षांनीही सहजी सापडत नाही, आणि मी या अभ्यासाला लागले त्याचं कारण तेच आहे.

सकाळी ७

डबे भरता भरता फोन सुरू होतात. आज दौऱ्याचा दिवस नाही, तरी आशाताईंचे प्रश्न थांबत नाहीत. एकीची पोर्टलवरची नोंद अडकली आहे, दुसरीला लसीकरणाच्या सत्राची जागा बदलून हवी आहे. तिसरीचा फोन मी बाजूला जाऊन घेतला.

आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला. तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला साखर आहे का, असं विचारत विचारत शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस, आनंद वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली तर आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचं.

"मॅडम, त्या वस्तीवरच्या ताईंचे पाच आलेत," ती म्हणाली. "रात्रभर झोपत नाहीत. पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. घराला लागून ऊस आहे ना, बिबट्या दिसलाय दोनदा."

शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर, या चारही तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांना बिबट्या माहीत आहे आणि त्याने घेतलेली माणसंही माहीत आहेत. या बाईला झोपेची गोळी देऊन भागेल का? तिची भीती खरी आहे. नवरा रात्री पाणी द्यायला जातो, कारण शेतीची वीज रात्रीची आहे. घराबाहेर दिवा नाही. मग तिच्या पाच गुणांतले किती तिच्या मनातले आणि किती त्या जागेतले, हे कुणीतरी घरी जाऊन, शेजारी बसून समजून घ्यायला हवं. गोळी लागली तर डॉक्टर देतील. पण अंगणातला दिवा, कुंपण, दिवसाच्या विजेची मागणी, मुलांची शाळेची सोबत हा सगळा उपचाराचाच भाग आहे, आणि तो बघणारं माणूस वेगळं शिकलेलं असावं लागतं. मी आशाताईला सांगितलं, परवा आपण दोघी दिवसाउजेडी जाऊ.

सकाळी साडेआठ

न्हावरे, पारगाव, केडगाव असा रस्ता. गळीत हंगाम असल्याने उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागतं. पारगावजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो आणि गुऱ्हाळांचा धूर दिसायला लागतो. केडगाव स्टेशनाला गाडी लावायची आणि डेमू धरायची. कडेठाण, पाटस, दौंड.

केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायका-मुलींना त्यांनी इथे आणलं, छापखाना, शेती, विणकाम शिकवलं. सव्वाशे वर्षांपूर्वी, याच रेल्वेमार्गाच्या कडेला. आसरा, शिक्षण आणि हाताला काम एकत्र दिल्याशिवाय माणूस उभं राहत नाही, हे त्यांनी करून दाखवलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात त्यांच्यावर खरं तर एक अख्खा घटक असावा.

सकाळी साडेदहा

फील्डवर्कसाठी दौंडमधल्या एका दवाखान्यात बसते. ओपीडीच्या टोकाला एक टेबल, दोन खुर्च्या, एक पडदा. माणसांची ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील मी बदलले आहेत.

पहिल्या मावशी गुऱ्हाळावर कामाला जाणाऱ्या. छातीत धडधडतं, डोक्याला मुंग्या येतात, झोप नाही. ईसीजी चांगला आला, रक्त तपासलं, काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. नऊ प्रश्नांची यादी असते, शून्य ते सत्तावीस गुणांची. तीही गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते. मावशींना "दोन आठवडे" म्हटलं की त्या गप्प होतात. "मागच्या दोन बाजारांपासून?" असं विचारलं की हिशोब लागतो. कुठल्या बाजाराला गेल्या, कुठल्या बाजाराला उठवलंच नाही म्हणून राहिल्या, सगळं सरळ सांगतात.

नऊ प्रश्न संपले तरी मला हवं ते त्यात नसतं. घरात मिळवतं कोण, दारू कोण पितं, उचल कुणाकडून घेतली आणि किती फिटली, रेशन चालू आहे का, माहेरी बोलण्यासारखं कोण उरलंय, हे सगळं नंतर, सवडीने निघतं. मावशी मध्येच म्हणाल्या, "मरायचं नाही मला. पण सकाळी उठून करायचं काय, तेच कळत नाही." मी काही बोलले नाही. त्याही बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी थोरल्या मुलाचं नाव घेतलं, आणि तिथून पुढे त्यांचं बोलणं थांबेना.

बाराच्या सुमारास वॉर्डातून निरोप आला. विशीतला मुलगा, तणनाशक प्यायलेला, जिवावरचं टळलं आहे. उसाच्या पट्ट्यात असं औषध घरोघरी असतं, तुळईवर, पलंगाखाली, गोठ्याच्या भिंतीला. वडील दारातच उभे होते.

"ताई, पोलीस केस होईल का हो? पोराचं आयुष्य जाईल."

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, म्हणून त्याचं उत्तर मी नीट शिकून घेतलं आहे. पोलिसांना कळवलं जातं, जबाब होतो. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने सांगितलं आहे की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात ठेवलेलंच नाही. वडिलांचे खांदे खाली आले. भीती गेली की घरचे लोक खरं बोलतात, आणि उपचाराला परत येतात.

मग आईशी बोलले. उरलेली बाटली कुठे आहे? कुलपाची पेटी आहे का? किल्ली कुणाकडे राहील? घरातल्या औषधाला कुलूप लागलं की रागाच्या भरातली ती दहा मिनिटं निघून जातात, आणि पुष्कळदा तेवढीच निघून जायला हवी असतात. शेवटी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि मुलाजवळ बसले. पुन्हा असा विचार मनात येतो का, असं त्याला सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. विचारल्यावर बहुतेकांना हायसं वाटतं. तो काय म्हणाला ते इथे लिहिणार नाही. निघताना त्याच्या फोनमध्ये टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्यालाच टाकायला लावला. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास चालू आहे, आणि मराठीत बोलता येतं.

दुपारी ३

मधला डबा घाईत झाला. आता पर्यवेक्षण. माझ्या पर्यवेक्षक मॅडमनी मनोविकार रुग्णालयात बरीच वर्षं काम केलं आहे. या एका तासासाठी मी शिरूरहून येते, असं म्हटलं तरी चालेल.

जर्नलच्या पानावर तीन रकाने असतात. पहिल्यात कोण काय बोललं ते जसंच्या तसं, दुसऱ्यात त्या क्षणी मला काय वाटलं ते. तिसरा रकाना मॅडमचा. मागच्या भेटीतल्या एका बाईंचं पान पुढ्यात होतं. पहिल्या रकान्यात मी एके ठिकाणी नुसतं "शांतता" असं लिहिलं होतं. मॅडमनी तिथे पेन्सिल टेकवली.

"तेव्हा त्यांचे हात काय करत होते?"

मला आठवत होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या.

"मग ते लिहा. तेही त्यांचं सांगणंच आहे. आणि तुम्ही स्वतः कुठे बघत होता, तेही दुसऱ्या रकान्यात येऊ द्या."

मग आजच्या मावशी. गुण मध्यम आहेत, डॉक्टर औषधाचं बघतील. पण नवऱ्याच्या दारूचं काय? त्याला व्यसनमुक्तीला बोलवायचं तर मावशींच्या मार्फत नको, त्यावरून घरी मार बसू शकतो. गुऱ्हाळाच्या मालकाशी बोलायचं तर मावशींना विचारल्याशिवाय नाही. दर पावलाला "हे कुणाच्या सांगण्यावरून?" असं मॅडम विचारतात. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ सालीच सांगितलेल्या सात तत्त्वांत हे आहे, आपला निर्णय आपण घेण्याचा माणसाचा हक्क. मी ते पहाटे वाचलेलं असतं. एका विशिष्ट बाईच्या बाबतीत तो हक्क जपायचा कसा, हे मात्र समोर बसून, कुणीतरी थांबवून विचारल्यावरच उमगतं.

संध्याकाळी साडेपाच

परतीच्या डेमूत कुरकुंभच्या कंपन्यांमधून सुटलेले लोक असतात. खिडकीची जागा मिळाली तर आजच्या भेटी लिहून काढते, नावं न घालता, फक्त खुणेची अक्षरं. रात्रीपर्यंत ठेवलं की शब्द बदलतात, आपल्याला सोयीचे होतात. केडगावला उतरून न्हावरेमार्गे घरी पोचायला अंधार पडतो.

रात्री ८

जेवणं झाल्यावर आज ऑनलाइन तास होता, गटकार्यावर. बरा झाला. शिकवणाऱ्या सरांचा आवाज मधून मधून तुटत होता, पण रेकॉर्डिंग नंतर बघता येतं.

रात्री ९

आता पुढचं शिक्षण. २०१७ च्या त्याच कायद्यात मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्याची व्याख्या आहे. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि तिच्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., त्यात देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण. २०२१ च्या आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातही क्लिनिकल समाजकार्यकर्त्याचा उल्लेख आला. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासारखे आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. त्यामागचा विचार मला पटतो. पडद्यावर बघून माणसासमोर बसायला शिकता येत नाही, हे मी दर आठवड्याला अनुभवते.

पण मग दोन वर्षं पूर्णवेळ कुठल्या शहरात जाऊन राहायची? मानधनावर काम करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाईला ते जमणारं नाही, आणि वाड्यावस्त्यांवर जिचं बोलणं ऐकलं जातं ती बहुतेक वेळा अशीच बाई असते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये नोंदवलं की वेगवेगळ्या मनोविकारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. ही दरी फक्त शहरात शिकलेल्यांनी भरणार नाही. अट सैल करू नका, असंच मी म्हणेन. तास कमी करू नका, देखरेख कमी करू नका. ते तास तालुक्याच्या दवाखान्यात भरता येतील अशी सोय करा. शिरूरला एक पर्यवेक्षक द्या, दौंडला एक द्या, आठवड्यातून दोन दिवस बसणारा. पुस्तकी भाग घरी होऊ शकतो, ते आम्ही करून दाखवतो आहोत.

हे सगळं मी अर्जाच्या रूपात लिहून काढते आहे, दोन्ही तालुक्यांतल्या आम्हा काही जणींच्या सह्यांसाठी. झोपण्याआधी उद्याच्या आशाताईंच्या सभेची विषयपत्रिका केली. एरवी सीबॅकचा विषय शेवटी येतो आणि घाईत उरकतो. उद्या तो पहिला ठेवला आहे, त्यातही ते दोन प्रश्न. ते चारचौघांत, सासूसमोर विचारायचे नाहीत. दोन आठवडे कळत नसतील तर बाजाराच्या दिवसांनी विचारायचं. आणि गुण तीनच्या वर गेले की फॉर्म फाइलला लावायच्या आधी मला फोन करायचा.