वर्णन एक, वस्तू दुसरी

म्हैस पाण्यात असताना बाहेर तिचे मोल करू नये, असा जुन्या लोकांचा दंडक होता. इंटरनेटवरील बाजार मात्र त्याच व्यवहारावर उभा आहे. त्यातही वस्तू वापरलेली आणि नामांकित छापाची असली म्हणजे तंट्याला तोटा नाही. ‘अस्सल, संपूर्ण चामड्याची, दोनदाच वापरलेली’ असे वाचून एखादी नोकरदार स्त्री साठवलेले चाळीस हजार रुपये धाडते आणि घरी निराळीच पिशवी येते. अशा वेळी काय करावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम तक्रार कशाची, हे ठरवले पाहिजे. लुई व्हिताँच्या प्रसिद्ध मोनोग्राम पिशवीचेच पाहा. हा छाप १८९६ सालचा. आज ज्या पिशव्यांना मोनोग्राम कॅनव्हासच्या म्हणतात, त्यांचे अंग चामड्याचे नसून लेप दिलेल्या कापडाचे असते. तेव्हा कापड आढळले म्हणून पिशवी नकली ठरत नाही. परंतु विक्रेत्याने ‘संपूर्ण चामड्याची’ म्हटले असेल, तर पिशवी अस्सल असूनही वर्णन खोटे ठरते. तिचे नैसर्गिक चामड्याचे बंद उन्हाने व हाताळण्याने काळवंडतात. हा दोष नव्हे, वयाची खूण होय. पण ‘न वापरलेली’ म्हणून ती विकली असेल, तर हीच खूण विक्रेत्याविरुद्ध बोलते.

कायदा काय म्हणतो? १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. मालाच्या गुणाविषयी ग्राहकाने स्वतः सावध राहावे, हे जुने तत्त्व पुढच्या कलमात बऱ्याच अंशी राखले आहे. परंतु वर्णनाची जबाबदारी विक्रेत्याचीच, मग तो व्यापारी असो की गृहस्थ. इंग्लंडमध्ये १९०० साली असाच एक खटला झाला. कापणीचे जुने यंत्र ‘गेल्या वर्षी नवे होते, पन्नास-साठ एकरच चालले आहे’ असे सांगून, ग्राहकाने न पाहताच विकले गेले. ते फार जुने निघाले. ग्राहकाला ते नाकारण्याचा हक्क आहे, असा निकाल मिळाला.

दाद कोठे मागावी, हे मात्र विक्रेत्यावर अवलंबून असते. धंदा म्हणून विकणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-व्यापाराचे नियम लागू पडतात. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी व महिन्याच्या आत निवारण करावे, असा दंडक आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळते. तेवढ्याने भागले नाही, तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. याउलट, कपाटातील एखादीच पिशवी विकणाऱ्या गृहस्थाला हे ई-व्यापाराचे नियम लागत नाहीत. तेथे मालविक्री कायद्याच्या आधारे बहुधा दिवाणी न्यायालयाचीच वाट उरते.

दोन्हीकडे पुरावा आणि तत्परता या दोनच गोष्टी तारतात. पैसे भरण्यापूर्वीच जाहिरातीची व संभाषणाची नक्कल ठेवावी. पुडके उघडताना अखंड चित्रण करावे. ‘फसवणूक झाली’ असे मोघम न लिहिता, ‘जाहिरातीत अमुक होते, प्रत्यक्षात तमुक आहे’ असे लिहावे आणि माल नाकारल्याचे विक्रेत्याला ताबडतोब लेखी कळवावे. दोष कळूनही पिशवी लग्नसमारंभात मिरवली किंवा महिनोन्‌महिने गप्प बसले, तर माल स्वीकारला असा अर्थ होऊ शकतो. मग तो परत करण्याचा हक्क जाऊन सामान्यतः नुकसानभरपाई तेवढी मागता येते.

शेवटी एक विवेक ग्राहकानेही राखावा. मापे दिलेली असताना पिशवी लहान वाटली, किंवा सांगितलेला ओरखडा डोळ्यांना खुपला, तर ती निराशा होय, तक्रार नव्हे. जुन्या वस्तूला जुनेपण असायचेच. त्या जुनेपणाविषयी खरे सांगितले होते की नाही, एवढाच खरा वादाचा प्रश्न आहे.