वाफारा घ्या, पण जपून!

पावसाळा लागला किंवा थंडीचा कडाका वाढला, की घरात सर्दी-पडशाचा मुक्काम ठरलेलाच. पूर्वी अशा वेळी चुलीवरचे पातेले उतरवून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेत. आता त्या पातेल्याची जागा प्लॅस्टिकच्या छोट्याशा व्हेपोरायझरने घेतली आहे. 2020 मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा तर अनेक घरांत तो नव्याने आला. वस्तू स्वस्त आणि सोयीची. पण तिच्या पोटात उकळते पाणी आणि वीज एकत्र नांदतात, हे विसरून चालणार नाही.

वाफ काय करते?

वाफेने नाकातला घट्ट शेंबूड पातळ होतो, चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे वाटते. मात्र वाफेने सर्दी बरी होत नाही की विषाणू मरत नाहीत. म्हणून दिवसातून दहा वेळा वाफारा घेण्यात अर्थ नाही. एका वेळी पाच ते दहा मिनिटे पुरेत. दम्याच्या रुग्णांना वाफेने कधीकधी जास्तच त्रास होतो; त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

यंत्राची ओळख

अनेक साध्या व्हेपोरायझरमध्ये धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्यांच्यामधल्या पाण्यातूनच वीज वाहते आणि पाणी तापते. म्हणजे यंत्र सुरू असताना ते पाणीच विजेचे असते! पाणी पट्ट्यांच्या खाली गेले की वाफ आपोआप थांबते. पण वाफ थांबली म्हणजे वीज बंद झाली असे नव्हे. झाकण उघडण्यापूर्वी, पाणी घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढायलाच हवा.

फिल्टरच्या शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे वाफ फारच कमी येते. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजू नका. साधे नळाचे पाणी घालून पाहा. तरीही वाफ आली नाही, तर सोबतच्या माहितीपत्रकात सांगितले असेल तरच चिमूटभर मीठ टाका. मीठ जास्त झाले, तर पाणी उसळून बाहेर उडते आणि फ्यूजही जातो.

वापरताना

* यंत्र सपाट, भक्कम टेबलावर ठेवा. मांडीवर किंवा गादीवर कधीच नको. भाजण्याचे अपघात बहुधा वाफेने नव्हे, तर कलंडलेल्या गरम पाण्याने होतात.
* तार लोंबकळत ठेवू नका. रांगते मूल ती हमखास ओढते.
* पाणी खुणेपर्यंतच भरा. चेहरा वीतभर तरी लांब आणि डोळे मिटलेले असावेत.
* बाम किंवा निलगिरीचे तेल टाकीत घालू नका. औषधासाठी वेगळी वाटी असेल, तर तिचाच उपयोग करा.
* लहान मुलांना जवळ बसवून वाफारा देऊ नका. कापूर तर त्यांच्यापासून दूरच ठेवा. तो पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात.

निगा

काम झाले की प्लग काढा, यंत्र निवू द्या, मग पाणी ओतून आतून कोरडे करा. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका. बोअरिंगच्या जड पाण्याने पट्ट्यांवर पांढरा थर साचतो आणि वाफ कमी होते. महिन्यातून एकदा निम्मे व्हिनेगर व निम्मे पाणी अर्धा तास भरून ठेवा. दोन-तीनदा स्वच्छ धुवा. हे सारे प्लग काढूनच. चाकूने खरवडू नका. तोंडावर धरायचा मास्क प्रत्येकाचा वेगळा असावा, नाहीतर एकाची सर्दी दुसऱ्याला. तार सोलली असेल किंवा टाकीला तडा गेला असेल, तर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका, यंत्र बदला.

भाजलेच तर?

भाजलेल्या जागेवर लगेच नळाचे साधे थंड पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नका. अंगठी-बांगड्या काढा आणि स्वच्छ कापडाने जागा सैल झाका. फोड आले असतील, चेहरा भाजला असेल किंवा भाजलेले मूल लहान असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

दहा मिनिटांचा वाफारा झोपण्यापूर्वी छान आराम देतो. तेवढा वेळ घरातल्या एका मोठ्या माणसाने शेजारी बसावे, म्हणजे झाले!