स्पिटफायर नागमोडी का चालतं?

मुलांना घेऊन केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला एअर शो बघायला गेलात, तर स्पिटफायर विमान धावपट्टीकडे कसं जातं ते नीट बघा. सरळ जातच नाही. डावी-उजवीकडे वळत जातं. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. त्यामुळे जमिनीवर नाक वर राहतं आणि वैमानिकाला समोरचं दिसत नाही. म्हणून तो वळून वळून बाजूने रस्ता बघतो.

त्याला घाईही असते. इंजिन थंड ठेवणारे रेडिएटर पंखांखाली असतात. वेग घेतल्याशिवाय त्यांना पुरेशी हवा मिळत नाही. जमिनीवर रेंगाळलं की इंजिन तापतं.

मुलं विचारतील, "हे तर इंग्रजांचं विमान. आपला काय संबंध?" त्यांना सांगा, १९४१ साली रॉयल एअर फोर्सची १२४ क्रमांकाची स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली. ती स्पिटफायर उडवायची आणि तिचं नाव होतं 'बडोदा'. बडोद्याच्या गायकवाड महाराजांनी विमानांसाठी पैसा दिला होता. संग्रहालयाच्या पाटीवर हे लिहिलेलं असेलच असं नाही. मुलांना ते आपणच सांगायला हवं.