पेशीपटलाचा विद्युतभार आणि जठराचा कर्करोग

प्रत्येक जिवंत पेशीच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्या मानाने किंचित ऋणभारित असते. मज्जापेशीत हा फरक सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट भरतो. सोडियमचे तीन आयन बाहेर टाकून पोटॅशियमचे दोन आयन आत घेणारा पंप, जो डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये दाखवून दिला, आणि पोटॅशियमला बाहेर झिरपू देणारे प्रथिनांचे आयनमार्ग यांच्या जोरावर तो टिकून राहतो. हा फरक घटून शून्याकडे सरकला, की पटलाचे विध्रुवीकरण झाले असे म्हणतात.

झपाट्याने विभागणाऱ्या पेशी, विशेषतः कर्करोगाच्या, बहुधा अशा विध्रुवित अवस्थेत असतात, याकडे अमेरिकन संशोधक क्लॅरेन्स कोन यांनी १९७० च्या सुमारास लक्ष वेधले. पण पटलावरचा बदल केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचतो कसा, हा खरा प्रश्न होता. मज्जापेशींत त्याचा उलगडा झाला: विध्रुवीकरणाने कॅल्शियमचे मार्ग उघडतात, आत शिरलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जखडते, त्यातून जागी होणारी विकरे ‘क्रेब’ या नियामक प्रथिनावर फॉस्फेट चढवतात आणि ‘सी-फॉस’सारखी जनुके काही मिनिटांतच व्यक्त होऊ लागतात. दुसरी वाट २०१५ मध्ये पुढे आली. विध्रुवीकरणामुळे पटलातील फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदद्रव्याची मांडणी बदलते, त्यामुळे ‘के-रास’ हे वाढीचा संदेश देणारे प्रथिन घोळक्याने जमते आणि तो संदेश बळावतो.

जठराच्या बाबतीत मात्र चित्र इतके सरळ नाही. आम्ल स्रवणाऱ्या पेशींना ‘केसीएनक्यू-१’ आणि ‘केसीएनई-२’ या प्रथिनांनी बनलेला पोटॅशियममार्ग लागतो. ‘केसीएनई-२’ नसलेल्या उंदरांत आम्ल तयार होत नाही आणि जठराचे अस्तर बेसुमार वाढते. तरी हा थेट विद्युतभाराचाच परिणाम मानणे घाईचे ठरेल, कारण आम्ल घटले की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते आणि तेही अस्तराच्या वाढीला चालना देते. जठराच्या कर्करोगपेशींत आढळणाऱ्या ‘हर्ग’ या पोटॅशियममार्गाचा रक्तवाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या ‘व्हीईजीएफ-ए’ या घटकाशी संबंध दिसला आहे. पण तिथेही आयनांच्या प्रवाहाइतकेच त्या मार्गाचे शेजारच्या इंटिग्रिन प्रथिनांशी जुळणे महत्त्वाचे असावे. शिवाय हा व्यवहार एकतर्फी नाही. काही जठर-अर्बुदांत कॅल्शियममार्गाचा उपघटक बनवणारे ‘सीएसीएनए२डी३’ हे जनुकच मेथिल गट चिकटून मुके झालेले असते, म्हणजे जनुकांचे नियमन पटलाच्या वर्तनाला वळण लावते.

प्रयोगशाळेत विध्रुवीकरण घडवण्याचा रूढ उपाय म्हणजे द्रावणातील पोटॅशियम कित्येक पटींनी वाढवणे. परंतु त्याने द्रावणाचा परासरण दाबही बदलू शकतो, म्हणून तेवढ्याच दाबाच्या, पण पोटॅशियम न वाढवलेल्या द्रावणाशी तुलना केली नसेल, तर ‘विजेमुळे जनुक बदलले’ या दाव्याला फारसा अर्थ उरत नाही.

या आयनमार्गांना औषधांचे लक्ष्य करण्याची कल्पना आकर्षक आहे, मात्र अडचण व्यावहारिक आहे: ‘हर्ग’ हृदयाच्या ठोक्यालाही आवश्यक असून तो रोखणारी द्रव्ये प्राणघातक अनियमित ठोके निर्माण करू शकतात, आणि म्हणूनच नवे औषध त्याला अडवते का, याची तपासणी बाजारात येण्यापूर्वीच करावी लागते.